आमची वाटचाल: कपॅसिटरपासून हीटच्या रजिस्टरपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना (ओतकाम कारखान्यांना) एपीएफसी पॅनेल, म्हणजे गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं पॅनेल, बनवून देणं हा आमचा मूळ धंदा. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला येणारा हिस्सा) एकच्या जवळ आणून दिला की काम संपायचं. एप्रिल 2020 पासून महावितरणचं एचटी (उच्च दाबाचं) बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाला न येणारी वीजही धरणाऱ्या मापावर आलं, आणि तेवढ्यानं भागेना. रविवारी भट्टी बंद आणि फिक्स कपॅसिटर मात्र लाईनवर, असं झालं की पॉवर फॅक्टर लीडिंगला (एकच्या पलीकडे, उलट बाजूला) जातो आणि तेही केव्हीएएच बिलात चढतं. महिन्याच्या बिलात हे कळत नाही, दर पंधरा मिनिटांच्या नोंदीत कळतं. मीटरिंगच्या कामाला आम्ही लागलो ते इथून.

मीटर चुकतो तो बहुधा सीटीपाशी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट मीटरला झेपेल एवढा कमी करून देणारा). 30 अँपियरच्या मोटरला 200/5 चा (200 अँपियरचे 5 करणारा) सीटी घातला तर रीडिंगवर भरवसा नको. तिन्ही फेजचे किलोवॅट वेगवेगळे बघायचे. एक उणे आला तर सीटीची एस1-एस2 ही टोकं उलटी जोडलीत किंवा सीटी भलत्याच फेजवर आहे. (चालू लाईनवर सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) उघडी ठेवू नये. आधी शॉर्ट करायची, मग मीटर काढायचा.) मीटरच्या नोंदी वाहून नेणारी आरएस-485 ची केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली की नोंदी गळतात. ती वेगळी न्यायची, शील्ड (तिच्यावरचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करायची. शेवटी सगळ्या सबमीटरची बेरीज मेन मीटरशी ताडून बघायची.

कॉम्प्रेसरची गळती रविवारी मोजतो. हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद, कॉम्प्रेसर चालू. 120 सीएफएमचा (मिनिटाला 120 घनफूट हवा देणारा) कॉम्प्रेसर 40 सेकंद लोड (हवा भरत) आणि 80 सेकंद अनलोड (नुसता फिरत) चालला, तर 40 सीएफएम हवा नुसती गळते आहे. 7 बारला 3 मिलिमीटरचं एक भोक सुमारे 3 किलोवॅट खातं. गळती मोल्डिंग मशीनच्या होजच्या क्लॅम्पला आणि ग्राइंडरच्या कपलिंगला आधी शोधावी.

पण फौंड्रीचं खरं बिल भट्टीचं, आणि भट्टीचा मीटर एकटा काहीच सांगत नाही. हीट (भट्टीची एक वितळण) सुरू होताना आणि ओतून झाल्यावर रीडिंग घ्यायचं, शेजारी चार्जचं (भट्टीत टाकलेल्या मालाचं) वजन लिहायचं. कास्ट आयर्नला टनामागे 550 ते 600 युनिट चांगले. आकडा 700 वर गेला की लोक आधी लायनिंगकडे (भट्टीच्या आतल्या अस्तराकडे) बोट दाखवतात. आम्ही आधी घड्याळ बघतो. लोखंडाचा रस तयार होऊन भट्टी होल्डिंगवर उभी राहिली की युनिट जळतात आणि टन वाढत नाहीत, त्यात झाकण उघडं असेल तर विचारूच नका. रिटर्नला (परत वितळायला टाकलेल्या ओतकामाच्या तुकड्यांना) चिकटलेली वाळूही वितळून स्लॅग (मळी) होते आणि वीज खाते.

म्हणून आता मीटरसोबत रजिस्टरही देतो. त्यात ‘थांबण्याचं कारण’ असा एक रकाना आहे, तो मेल्टरनंच (भट्टी चालवणाऱ्यानंच) भरायचा. सर्वांत जास्त वेळा लिहून येतं, ‘बॉक्स तयार नाहीत’, म्हणजे रस ओतायचे साचेच तयार नाहीत.