झिर्कोनिया इम्प्लांट: सगळा खेळ पहिल्या ड्रिलचा

‘धातू नको, पांढरा इम्प्लांट बसवा,’ असं पेशंट आता स्वतःहून म्हणू लागलेत. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू: धातूचा तो टायटॅनियमचा, पांढरा तो झिर्कोनिया या सिरॅमिकचा. पुढच्या दातांत हिरडी पातळ असेल तर टायटॅनियमची करडी झाक दिसू शकते, हे खरं. पण रंगापेक्षा मोठा फरक बसवण्यात आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

तयारी दोन्हींची सारखीच. सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) हाडाची रुंदी-उंची मोजायची. खालच्या जबड्यात नसेपासून २ मिमी, शेजारच्या दाताच्या मुळापासून किमान १.५ मिमी अंतर ठेवायचं. आधी साधारण २ मिमीचा पायलट ड्रिल (पहिलं बारीक भोक पाडणारा) मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास, मग जाड ड्रिल कमी वेगाने, आणि थंड सलाईनची धार सतत. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते. ड्रिल बोथट झाला की नकळत हाताचा दाब वाढतो, आणि हाड भाजतं.

पायलट ड्रिलच्या कोनापाशी मात्र वाटा वेगळ्या होतात. टायटॅनियम इम्प्लांट बहुधा दोन भागांचा असतो. थोडा तिरका बसला तर १५ किंवा २५ अंशांत कललेलं अबटमेंट (स्क्रूवर वेगळा बसणारा खुंट) लावून निभावता येतं. झिर्कोनिया अजूनही बऱ्याचदा एकसंध असतो (दोन भागांचेही मिळतात). स्क्रू आणि वरचा खुंट एकच, त्यामुळे खुंट ज्या दिशेला, त्याच दिशेला कॅप (वरचा कृत्रिम दात). ‘नंतर घासून सरळ करू’ हा विचार महागात पडतो: घासण्याने सूक्ष्म तडे जाऊ शकतात आणि इम्प्लांट पुढे कधीतरी मोडतो. म्हणून सर्जिकल गाईड (ड्रिलची दिशा धरून ठेवणारा साचा) वापरा, आणि पायलटनंतर दिशादर्शक पिन घालून एक्स-रे काढाच.

दुसरी अडचण टॉर्कची, म्हणजे पिळण्याच्या जोराची. साधारण ३५ न्यूटन सेंटिमीटरला थांबायचं. जास्त पिळल्यास टायटॅनियमभोवतीचं हाड चेंगरतं. झिर्कोनिया सिरॅमिक असल्याने न वाकता थेट तुटू शकतो, बारीक व्यासाचा तर लवकरच. खालच्या जबड्याच्या कडक हाडात आधी टॅप (हाडात आटे पाडणारं अवजार) फिरवा. मध्येच अडकला तर जोर लावू नका. उलटा फिरवून बाहेर काढा, टॅप करा, पुन्हा बसवा. हाडात तुटलेला तुकडा काढायला ट्रेफाईन (पोकळ गोल करवत) लागतो आणि भोवतालचं हाडही जातं.

मऊ हाडात पकड कमी मिळाली तर टायटॅनियमवर कव्हर स्क्रू (झाकण) लावून हिरडी शिवून टाकता येते. एकसंध झिर्कोनियाचा खुंट तोंडात उघडाच राहतो. जीभ आणि घास त्याला रोज ढकलतात. भरून येईपर्यंत, म्हणजे खालच्या जबड्यात सुमारे ३ महिने आणि वरच्यात ४ ते ६, खुंटाला न टेकणारा संरक्षक स्प्लिंट (दातांवर बसणारं आवरण) द्या. तात्पुरती कॅप लावलीच तर ती समोरच्या दाताला कुठेही लागू नये. रात्री दात खाणाऱ्या पेशंटला बारीक झिर्कोनिया देऊच नये, असं आमचं मत.

शेवटची कॅप एकसंधावर सिमेंटनेच बसते. तिची कड हिरडीखाली फार खोल असेल तर जादा सिमेंट आतच राहतं आणि हिरडी सुजून रक्त येऊ लागतं. कड हिरडीच्या पातळीला किंवा जेमतेम खाली ठेवा, म्हणजे सगळं सिमेंट डोळ्यांदेखत निघेल.