पेंटबॉल: चाप ओढल्यावर आत काय होतं?

ऑफिसच्या सहलीत लोणावळ्याला पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ, ठरला, तेव्हा खेळापेक्षा मला त्या बंदुकीचंच जास्त कुतूहल होतं. मैदानावरच्या दादांना तसं म्हटलं, तर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एक मार्कर (या बंदुकीला मार्कर म्हणतात) टेबलावर उघडूनच दाखवला.

वर हॉपर, म्हणजे गोळ्यांचा डबा. मागे हवेची टाकी, पुढे नळी. गंमत आहे ती आत. नळीच्या रेषेत बोल्ट आणि त्यामागे स्प्रिंग दाबून अडकवलेला हॅमर, दोघं एका सळईने जोडलेले. चाप ओढला की हॅमर सुटतो. बोल्ट गोळीला नळीत ढकलतो आणि त्याच झपाट्यात हॅमर व्हॉल्व्हच्या पिनेवर आपटतो. कोंडलेली हवा सुटते. थोडी गोळीला फेकते, थोडी हॅमरला मागे लोटून पुन्हा अडकवते. तेवढ्यात वरून पुढची गोळी टपकते. ना बॅटरी, ना दारू! दादांनी टाकी न जोडताच हॅमर हाताने मागेपुढे करून दाखवला. खट्, खट्.

गोळी ०.६८ इंच व्यासाची. वर जिलेटिनचं कवच, औषधाच्या कॅप्सूलसारखं, आत पाण्याने धुऊन जाणारा रंग. दमट हवेत जिलेटिन फुगतं, मग गोळी नळीत अडकते किंवा तिथेच फुटते. लोणावळ्याच्या पावसात काय होत असेल, विचारूच नका.

अमेरिकेत असली पिस्तुलं मुळात जंगलात लांबूनच झाडांवर खुणा करायला वापरत. १९८१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये १२ जणांनी त्यांचा पहिला खेळ मांडला आणि जिंकणाऱ्याने म्हणे एकही गोळी झाडली नव्हती. आमच्यात असा संयमी कुणी नव्हता.

खेळाआधी प्रत्येक मार्कर क्रोनोवर तपासला. हे यंत्र गोळीचा वेग दाखवतं. सेकंदाला ३०० फूट ही नेहमीची कमाल मर्यादा, म्हणजे ताशी जवळपास ३३० किलोमीटर. माझा जास्त दाखवत होता. दादांनी बाजूचा स्क्रू किल्लीने जरासा फिरवला, पुन्हा झाडायला लावलं, आकडा २८५ वर आला. हे पाहिल्यावर मास्क का काढायचा नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही. घामाने काच धुरकटली तरी नाहीच.

आमच्यातल्या एका उत्साही वीराने चाप दणादण ओढायला सुरुवात केली. साध्या हॉपरमधून गोळ्या नुसत्या वजनाने खाली येतात, त्यांना तेवढा वेळ लागतो. अर्धवट उतरलेली गोळी बोल्टने चिरडली, नळी रंगाने माखली आणि पुढच्या गोळ्या वाटेल तिकडे जाऊ लागल्या. दादांनी नळी काढली, दोरीला बांधलेली रबरी चकती तिच्यातून आरपार ओढली, कापडाने पुसून पुन्हा बसवली आणि म्हणाले, “सावकाश ओढा, साहेब. गोळी खाली तरी पडू द्या.”