ग्रानादाचा बेत: एका वेळेभोवती आखलेली सहल

पत्नीचे कार्यालयीन काम माद्रिदला निघाले आणि त्याला जोडून थोडी रजा काढता येईल असे दिसले, तेव्हा स्पेनमध्ये आणखी काय पाहायचे याची चर्चा घरात सुरू झाली. तोलेदो आणि सेगोव्हिया ही दोन्ही जुनी गावे माद्रिदहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगी असल्याने बहुतेक सहल-कंपन्या तीच सुचवतात. आई बरोबर येणार होती आणि तिची अट एकच होती. "मला चढ चालेल, पण धावपळ नको, आणि रोज बॅगा भरायला लावू नकोस," असे तिने आधीच सांगून ठेवले होते. म्हणून एकच शहर निवडून तिथे दोन-तीन रात्री निवांत मुक्काम करायचा, असे ठरले.

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादाचा आग्रह माझा होता. 1238 मध्ये सत्तेवर आलेल्या नासरी घराण्याने सुमारे अडीचशे वर्षे हे राज्य टिकवले आणि 2 जानेवारी 1492 रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने शहर राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या स्वाधीन केले. इबेरियन (स्पेन-पोर्तुगालच्या) द्वीपकल्पातील ते शेवटचे मुस्लिम राज्य होते. त्याच वर्षी 31 मार्चला स्पेनमधून यहुद्यांना घालवून देण्याचा हुकूम इथूनच निघाला. पुढे 17 एप्रिलला जवळच्या सांता फे येथे कोलंबसाशी करार झाला आणि तो हिंदुस्थानची वाट शोधायला निघाला. ज्या प्रवासाचा शेवट आपल्याकडे व्हायचा होता आणि भलतीकडेच झाला, त्याची कागदपत्रे जिथे झाली तो परिसर पाहावा, हे मला पुरेसे कारण वाटले.

ग्रानादाला जायचे तर सर्वांत आधी अल्हाम्ब्राचे तिकीट, हे वाचनातून लवकरच लक्षात आले. टेकडीवरच्या या राजवाड्यांच्या समूहात दररोज किती लोकांना सोडायचे यावर मर्यादा आहे आणि गर्दीच्या दिवसांत तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात. त्यातही मुख्य आकर्षण असलेल्या नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ तिकिटावरच छापलेली असते. तिरुपतीच्या दर्शनासाठी ठरावीक वेळ मिळते तसाच हा प्रकार, फक्त इथे वेळ टळली की विनवणीला वाव नाही. शिवाय तिकीट नावावर निघते, पारपत्राचा क्रमांक द्यावा लागतो आणि आत वेगवेगळ्या टप्प्यांवर पारपत्र दाखवावे लागते. त्यामुळे आधी विमान, मग हॉटेल, मग सवडीने प्रेक्षणीय स्थळे हा आपला नेहमीचा क्रम इथे उपयोगाचा नव्हता. राजवाड्यातली ती एक वेळ आधी मिळवायची आणि बाकी सगळे तिच्या पुढे-मागे बसवायचे, असे आम्ही ठरवले.

मात्र त्याच्याही आधी एक काम निघाले. युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावी लागते आणि आईच्या पारपत्राची मुदत त्याच सुमारास संपत होती. नूतनीकरणात क्रमांक बदलतो, म्हणजे जुन्या क्रमांकावर तिकीट काढून ठेवण्यात अर्थ नव्हता. आधी आईचे नवे पारपत्र हातात आले आणि मगच अल्हाम्ब्राच्या अधिकृत संकेतस्थळाकडे वळलो. अधिकृत हा शब्द मुद्दाम लिहितो आहे, कारण शोध घेतला की हुबेहूब सरकारी वाटणारी अनेक मध्यस्थ संकेतस्थळे वर येतात आणि तेच तिकीट बऱ्याच जास्त किमतीला विकतात.

दुसरा पेच व्हिसाचा होता. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, परंतु मुलाखतीची वेळ कधी मिळेल आणि निर्णय कधी येईल हे आपल्या हातात नसते. व्हिसा मिळण्यापूर्वी तिकीट काढावे तर पैसे अडकण्याचा धोका आणि व्हिसानंतर काढावे तर तिकीट शिल्लक नसण्याचा धोका. तिघांच्या तिकिटांची रक्कम बुडाली असती तरी सोसण्यासारखी होती, पण तिकिटेच मिळाली नसती तर इतक्या लांब ग्रानादाला जाण्याचे प्रयोजनच उरले नसते. म्हणून ती आधी काढली. हॉटेल मात्र शेवटपर्यंत फुकट रद्द करता येईल असेच घेतले आणि आगगाडीची तिकिटे व्हिसा हातात पडेपर्यंत थांबवून ठेवली. अर्जासोबत तीस हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-विमा, बँकेची विवरणे, मुक्कामाचे पुरावे आणि दिवसवार कार्यक्रम द्यावा लागतो. आमचा कार्यक्रम तोवर कागदावर पक्का झालेला असल्याने ही फाइल तयार करायला फारसा वेळ लागला नाही.

तारखा ठरवताना ऋतूपेक्षा वेळापत्रकाचा विचार अधिक करावा लागला. ग्रानादाचा उन्हाळा कडक असतो आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुकांमुळे शहर फुलून जाते, म्हणून ऑक्टोबर बरा वाटत होता. त्यातही अल्हाम्ब्राचे उन्हाळी वेळापत्रक 14 ऑक्टोबरपर्यंत चालते, म्हणजे रात्री आठपर्यंत दिवसाची भेट शक्य असते. 15 तारखेपासून ती संध्याकाळी सहालाच आटोपते. शिवाय 12 ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय दिन, कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला ती तारीख. त्याला जोडून सुटी आली की स्पॅनिश कुटुंबे स्वतःच सहलीला बाहेर पडतात. या सगळ्यातून ऑक्टोबरचा पहिला आठवडा आमच्या वाट्याला आला, आणि पत्नीच्या कामाशीही त्याचे जमले.

तिकिटांचेही प्रकार आहेत. सर्वसाधारण तिकिटात आल्काथाबा हा किल्ल्याचा भाग, नासरी राजवाडे आणि हेनेरालिफेच्या बागा असे सर्व येते. फक्त बागा आणि किल्ल्याचे तिकीट स्वस्त असते, परंतु त्यात राजवाडे नसतात, आणि घाईघाईत तेच काढून दारापर्यंत गेलेले लोक आम्हाला तिथे भेटले. सर्वसाधारण तिकीट संपले असेल तर 'दोब्ला दे ओरो' नावाचे एकत्रित तिकीट पाहावे. त्यात अल्हाम्ब्राबरोबर आल्बाइसीन या जुन्या वस्तीतील काही वास्तूही येतात आणि ते कधीकधी शिल्लक असते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांपुरतीच असल्याने आईलाही पूर्ण दर पडला, याची तिने परतेपर्यंत आठवण करून दिली.

पैसे भरताना आमचे एक कार्ड चालेना. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहारांची परवानगी वेगळी चालू करावी लागते, ती दुसऱ्या कार्डाला दिली आणि काम झाले. नावांचा घोळ मात्र आगगाडीच्या तिकिटांच्या वेळी झाला. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात आणि अर्जात दोन्हींसाठी वेगळे रकाने असतात. आपल्या पारपत्रावर वडिलांचे किंवा पतीचे नाव पहिल्या नावालाच जोडून छापलेले असते. पहिल्या रकान्यात पारपत्राप्रमाणे दोन्ही नावे, पुढच्यात आडनाव, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा, एवढे केल्यावर अडचण आली नाही.

माद्रिदहून ग्रानादाला बसने साधारण पाच तास लागतात. 2019 च्या जूनपासून वेगवान आगगाडी थेट ग्रानादापर्यंत जाते आणि ती साडेतीन तासांच्या आसपास पोहोचवते. गाड्या दिवसाला मोजक्याच आहेत, त्यामुळे दुपारी पोहोचणारी गाडी निवडून तो दिवस शहर ओळखण्यासाठी मोकळा ठेवला आणि राजवाड्यांची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची घेतली. गाडी कोर्दोबावरून जाते. तिथली मशीद-कॅथीड्रल पाहण्यासाठी मध्येच उतरावे, सामान स्थानकावर ठेवावे आणि पुढची गाडी पकडावी असा सल्ला अनेकांनी दिला होता. हजार वर्षांपूर्वीच्या खांबांचे ते अरण्य दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उरकायची गोष्ट नाही, असे माझे मत होते, आणि आईच्या अटीतही ते बसत नव्हते. कोर्दोबा सोडले.

राहण्यासाठी आल्बाइसीनमधील घरे छायाचित्रांत फार सुंदर दिसतात. पण तिथल्या गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या, अरुंद आणि चढाच्या आहेत, मोटारींना बऱ्याच ठिकाणी मज्जाव आहे आणि चाकांची बॅग ओढत वर जाणे ज्येष्ठांना शक्य नाही. आम्ही इसाबेल ला कातोलिका चौकाजवळ सपाट रस्त्यावर जागा घेतली. चौकात 1892 साली उभारलेला, राणीसमोर कोलंबस उभा असलेला पुतळा आहे आणि त्याच्याजवळूनच अल्हाम्ब्राकडे जाणारी सी30 क्रमांकाची छोटी बस सुटते. आल्बाइसीनला जाणारी सी31 थोड्या अंतरावर नुएव्हा चौकात मिळते. आईसाठी या दोन बसच आमच्या मुक्कामाचे खरे वाहन ठरल्या.

राजवाड्यांच्या दिवशी एक बारकावा फार उपयोगी पडला. तिकीट आधीच काढलेले असेल तर वरच्या मुख्य तिकीटघराशी जाण्याची गरज नाही. बसमधून आधीच उतरून 1348 साली बांधलेल्या न्याय-दरवाजातून आत शिरता येते, आणि तिथून नासरी राजवाडे अगदी जवळ पडतात. तिकीटघराकडून आलेल्यांना आतून पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते आणि त्यातले बरेच जण वेळ गाठण्यासाठी धापा टाकत येताना दिसले. आम्ही आधी आल्काथाबा पाहिला, मग वेळेच्या अगोदर रांगेत उभे राहिलो. पाठीवरच्या पिशव्या पुढे घ्यायला सांगतात. गिलाव्याच्या भिंतींना धक्का लागू नये हा हेतू असावा.

त्या भिंती जवळून पाहण्यासाठीच ही सगळी खटपट होती, असे म्हणायला हरकत नाही. खाली रंगीत फरशांची भौमितिक नक्षी, त्यावर जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी, आणि तिच्यातून पुन्हा पुन्हा वाहत जाणारी एकच अरबी ओळ: 'अल्लाहशिवाय विजयी कोणी नाही.' हे नासरी घराण्याचे ब्रीद. ते इतक्या ठिकाणी आहे की थोड्या वेळाने अक्षरे न येणारा माणूसही त्याचा आकार ओळखू लागतो. सिंहांच्या चौकात सुलतान पाचव्या मुहम्मदाच्या काळातले बारा संगमरवरी सिंह पाठीवर कारंज्याचे पात्र घेऊन उभे आहेत आणि पात्राच्या कडेवर इब्न झमरक या दरबारी कवीची कविता कोरलेली आहे. एकदा राजवाड्यांबाहेर पडले की पुन्हा आत जाता येत नाही, पण आत किती वेळ थांबावे यावर बंधन नाही, ही माहिती आधी असल्याने आम्ही गटांना पुढे जाऊ दिले.

आईचे माहेर छत्रपती संभाजीनगरचे. नहरीच्या पाण्यावर चालणारी पाणचक्की पाहत वाढलेल्या बाईला टेकडीवर एवढे पाणी खेळताना दिसले की पहिला प्रश्न तेच पाणी वर आले कसे हाच पडतो. दार्रो नदीचे पाणी सुमारे सहा किलोमीटर वरच्या अंगाला अडवून, डोंगराच्या कडेने उताराच्या हिशेबाने 'राजकालवा' काढून ते इथे आणले आहे. तिच्या या कुतूहलामुळे हेनेरालिफेला आम्ही ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ दिला. तिथे जिन्याच्या कठड्यावरच्या पन्हळीतूनच पाणी वाहते, आणि उतरताना हात त्यात बुडवून चालता येते.

उरलेल्या वेळेचे नियोजन मुद्दाम सैल ठेवले होते. राजघराण्याच्या कपेलेत, म्हणजे प्रार्थनागृहात, इसाबेल आणि फेर्नांदो यांच्या संगमरवरी समाध्यांवर भरपूर कोरीवकाम आहे, पण खाली तळघरात शिशाच्या अगदी साध्या शवपेट्या आहेत. समोरच 1349 साली नासरी सुलतान पहिल्या युसुफने स्थापन केलेला मदरसा आहे. तो बहुतेक लोक न पाहताच जातात.

जेवणाच्या वेळांचे मात्र आधीच ठरवून ठेवावे लागते. दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे साडेआठ-नऊच्या पुढे, आणि मधल्या काळात कित्येक स्वयंपाकघरे बंद. आम्ही दुपारी भरपेट आणि संध्याकाळी हलके असे ठेवले. ग्रानादात पेयाबरोबर छोटी खाण्याची बशी फुकट देण्याची पद्धत आहे, परंतु तीत बहुधा डुकराचे मांस किंवा मासे असतात आणि 'शाकाहारी' म्हटले तरी कोशिंबिरीत ट्यूना मासा येऊ शकतो. मांस नको, मासे नको असे वेगवेगळे सांगणे बरे. वांग्याचे काप तळून त्यांवर उसाची काकवी घातलेला पदार्थ मात्र तिन्ही त्रिकाळ चालला. कापांना पिठाचे पातळ आवरण असते आणि काकवी आपल्याकडच्यापेक्षा थोडी कडसर लागते.

शेवटच्या दुपारी काहीच ठरवलेले नव्हते, म्हणून पुन्हा सी30 पकडून न्याय-दरवाजाने वर गेलो. स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स याने 1527 मध्ये सुरू केलेल्या राजवाड्याला तिकीट लागत नाही. बाहेरून चौकोनी आणि आत गोल अंगण असलेली ही इमारत नासरी वास्तूंच्या शेजारी मला उपरीच वाटते, आणि राजालाही तिची फार गरज नसावी, कारण तिचे छप्पर पुरे व्हायला विसावे शतक उजाडले. आईचे मत वेगळे पडले. दोन मजली खांबांच्या सावलीत बसायला जागा होती, गर्दी नव्हती, आणि तिच्या मते अख्ख्या टेकडीवर कोणी घड्याळ न बघता बसू देणारी तेवढी एकच जागा होती.