डॅश नावाची फाइल

काल मावसभावाचा मेसेज आला, दादा लिनक्सची कमांड लाइन (माउसऐवजी कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवणं) शिकायचीये, एखादी चांगली प्लेलिस्ट पाठव ना. नाही पाठवली. कारण मी स्वतः असल्या दोन प्लेलिस्ट दीडच्या स्पीडने जेवता जेवता संपवल्यात आणि नंतर काळ्या स्क्रीनसमोर बसल्यावर एलएस (फाइलींची यादी) आणि सीडी (फोल्डर बदलणं) यांच्या पुढे गाडी सरकेना. मॅन एलएस, म्हणजे एलएसचं मॅन्युअल दाखव, असं टाकलं तर त्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळेना, शेवटी आख्खी विंडोच बंद केली (नुसतं क्यू दाबायचं असतं, हसू नका).

त्याला दिला ओव्हरदवायर या साइटवरचा बँडिट. फुकट गेम आहे, एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरला जोडणारी कमांड) लॉगिन करायचं आणि पुढच्या लेव्हलचा पासवर्ड शोधायचा, बस. पहिली लेव्हल पोरखेळ, रीडमी फाइल कॅटने (फाइलमधला मजकूर दाखवणारी कमांड) उघडली की झालं. दुसरीला मात्र फाइलचं नावच नुसतं एक डॅश! कॅट डॅश टाकलं तर कर्सर लुकलुकत बसला, मला वाटलं नेट गेलं, वैतागून काहीबाही टाइप केलं तर तेच परत खाली उमटलं. मग कळलं की कॅटच्या लेखी नुसता डॅश म्हणजे फाइल नाहीच, कीबोर्डवरून येईल ते घे असा त्याचा अर्थ, म्हणजे बिचारा माझीच वाट बघत होता. कंट्रोल सी मारलं, डॅशच्या आधी डॉट स्लॅश लावलं, म्हणजे याच फोल्डरमधली फाइल, आणि पासवर्ड हजर. अर्धा तास गेला, पण स्टँडर्ड इनपुट म्हणजे काय ते परत कुणाला विचारावं लागलं नाही.

सोबत वाचायला विल्यम शॉट्सचं 'द लिनक्स कमांड लाइन', पीडीएफ त्याच्याच साइटवर फुकट मिळते. ५०० च्या वर पानं आहेत, सगळी वाचायची नाहीत, परमिशन्स (कोणती फाइल कुणाला वापरता येईल) आणि रीडायरेक्शन (कमांडचं आउटपुट फाइलमध्ये वळवणं वगैरे) यांचे चॅप्टर तेवढे हाताने टाइप करत करा. इंग्रजीचा कंटाळा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून लिनक्सचे छोटे व्हिडिओ आहेत, जुन्या उबुंटूवर केलेत त्यामुळे स्क्रीन वेगळी दिसते, पण सीपी (कॉपी) आणि एमव्ही (फाइल हलवणं) काय बदललेत थोडेच.

आणि हो, मॅन सीडी टाकून 'मॅन्युअल एंट्री नाही' आलं तर घाबरू नका, सीडी ही बॅशच्या (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) पोटातलीच कमांड आहे, तिच्यासाठी हेल्प सीडी टाइप करायचं. मॅन पेज फारच रटाळ वाटलं तर टीएलडीआर नावाचं छोटं टूल इन्स्टॉल करून वापरा, सरळ चार-पाच उदाहरणंच समोर येतात.

भावाकडे विंडोज आहे, पण एसएसएच तिथेही चालतं. रात्री परत मेसेज, दादा पासवर्ड टाइपच होत नाहीये, कीबोर्ड गेला का? होतोय रे, फक्त दिसत नाही, टाक आणि एंटर मार.