फीच्या खिडकीपलीकडचे काका

शाळेच्या आठवणी लिहायला सांगितल्या की बहुतेक जण शिक्षकांवर लिहितात. शाळेच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेतही तसे लेख असतीलच. मला मात्र लिहायचंय ते वर्गात क्वचितच दिसलेल्या एका माणसावर. कार्यालयात फीच्या खिडकीपलीकडे बसणारे आपले हिशेबनीस काका.

काका लोकप्रिय वगैरे अजिबात नव्हते. पावतीशिवाय खर्च मंजूर करायचा नाही हा त्यांचा खाक्या. त्यामुळे सहलीचा किंवा संमेलनाचा हिशेब द्यायची वेळ आली की भले भले शिक्षक त्यांच्या टेबलाशी खिसे चाचपत उभे असायचे. 'अहो काका, एवढ्यातेवढ्याला कुठली पावती?' असं कुणी म्हणालं की ते कोरा कागद पुढे सरकवायचे. 'कशाला दिले, कधी दिले, कुणाला दिले ते लिहा आणि सही करा. तेही व्हाउचरच.' समोरचा खोटं बोलतोय असा त्यांचा सूर कधीच नसे. माणूस विसरतो, एवढंच ते धरून चालत.

एकदा आम्ही मुलांनी मदतनिधी गोळा केला होता. डबे काकांच्या टेबलावर रिकामे केले. काकांनी नाणी सगळ्यांदेखत मोजली, मग दुसऱ्याला पुन्हा मोजायला लावली आणि रक्कम लिहायला तिसऱ्यालाच बसवलं. आमचे सर हसत म्हणाले, 'काका, तुमच्यावर विश्वास आहे हो आमचा.' काका मान वर न करता म्हणाले, 'म्हणूनच सांगतो. तो टिकवायचा असेल तर मला एकट्याला पैशांपाशी बसवू नका.' मोजणारा, लिहिणारा आणि सांभाळणारा वेगवेगळा असावा, याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात हे मला कॉलेजात वाणिज्य शाखेला गेल्यावर कळलं. त्या दिवशी आम्हाला अप्रूप वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं : प्रत्येक डबेवाल्याला काकांनी छापील पावती दिली, पूर्ण नाव घालून. घरी ती पावती मी कितीतरी दिवस दप्तराच्या कप्प्यात जपून ठेवली होती.

आकड्यांशी त्यांची जी दोस्ती होती ती मी एकदाच जवळून पाहिली. कसला तरी निरोप घेऊन कार्यालयात गेलो होतो. सहलीच्या हिशेबात 27 चा फरक येत होता आणि सर पुन्हा पुन्हा बेरीज करून घामाघूम झाले होते. काकांनी वही हातातही घेतली नाही. म्हणाले, 'बेरीज सोडा. 27 ला नवाने भाग जातो ना? मग एखाद्या रकमेतले आकडे उलटे पडलेत का बघा.' पानं उलटली. मूळ बिलात 63, वहीत 36. शेजारी शेजारी असलेल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नवाने भाग जातो. आणि रक्कम जमेच्या बाजूऐवजी नावेच्या (खर्चाच्या) बाजूला पडली असेल तर फरक बरोबर दुप्पट येतो, म्हणून फरकाची निमपट करून तेवढी रक्कम शोधायची, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. सर निघाले तेव्हा काका म्हणाले, 'जुळलं म्हणून लगेच खूश होऊ नका. एखादी नोंद मुळात केलीच नसेल, तर तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजांचा ताळा, मुकाट जुळते. तिला काय कळणार?'

कधी शिक्षक गैरहजर असले की बदली तासाला काका यायचे. एकदा त्यांनी लुका पाचोली या संन्यासी गणितज्ञाची गोष्ट सांगितली. व्हेनिसचे व्यापारी द्विनोंदी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहून, हिशेब ठेवत, ती पद्धत त्याने 1494 साली छापील ग्रंथात मांडली. 'शोध त्याचा नव्हे बरं, व्यापाऱ्यांचा. त्याने नीट लिहून ठेवलं म्हणून नाव त्याचं राहिलं,' असं सांगून ते स्वतःच मिश्कील हसले होते.

शाळा सुटली की काका घड्याळाकडे बघून निघायचे. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं संध्याकाळचं सगळं काका स्वतः करत. पगार वाढेल अशी दूरची नोकरी त्यांनी नाकारली ती याचसाठी, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. ती माझ्या वर्गात होती. तिला आणि धाकट्या भावाला खाऊचे पैसे मिळायचे ते अग्रधन पद्धतीने : ठरावीक रक्कम हातात, झालेला खर्च वहीत, आणि वही दाखवली की खर्च झाला तेवढेच पैसे परत. ती वैतागायची. आज ती स्वतःच्या मुलांना तसंच देते, आणि मुलं वैतागतात.

रात्रीची जेवणं झाली की वस्तीतल्या वाचनालयाच्या, मंडळाच्या, पतसंस्थेच्या वह्या त्यांच्या टेबलावर यायच्या. खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं. भाषण नाही, हार नाही, वर संशय मात्र हमखास. काकांनी ते काम वर्षानुवर्षं फुकट केलं. एका संस्थेत खर्चाचा जाब विचारला म्हणून त्यांना बाजूलाही सारलं गेलं. त्यांनी आपल्या वह्या शेवटच्या शिल्लकेपर्यंत पुऱ्या केल्या, सही करून ताब्यात दिल्या आणि त्याविषयी पुन्हा कुठे चकार शब्द काढला नाही. मला विचाराल तर त्यांनी काढायला हवा होता.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम मात्र कुठल्याच संस्थेच्या अहवालात सापडणार नाही. घरातला कर्ता माणूस अचानक गेला की मागे राहिलेल्या बाईला बँक कोणती, विमा कुठला, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, काहीच माहीत नसतं. हे पाहून काकांनी ओळखीच्या घरांतून एकेक फाइल करून द्यायला सुरुवात केली. वर ठसठशीत अक्षरात 'मी नसताना'. आत पहिल्या पानावर देणी, मग येणी, मग कागद कुठे ठेवलेत ते. फाइल नवरा-बायको दोघांना समोर बसवूनच करायची, ही त्यांची अट. 'वहिनी, तुम्ही लिहा. अक्षर तुमचं पाहिजे,' असं म्हणून पेन बाईंच्याच हातात द्यायचे.

काका गेले तेव्हा काकूंनी त्यांची स्वतःची फाइल उघडली. देणी : काही नाही. येण्यांच्या पानावर बऱ्याच रकमा, कुणाच्या फीसाठी दिलेल्या, कुणाच्या आजारपणात. बहुतेकींपुढे 'बुडीत' असा शेरा, आणि खाली : 'मागू नये. परत आणून दिल्यास पावती द्यावी.' काकूंनी पावतीपुस्तकही आणून ठेवलं. काही जण खरोखरच येऊन गेले म्हणतात.

या स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी असेल. बेरीजही चोख जुळलेली असेल. तीत काकांचं नाव नसणार, कारण महोत्सवाला देणगी द्यायला ते राहिलेच नाहीत. जुळलेल्या तेरजेबद्दल ते काय म्हणायचे ते वर लिहिलंच आहे.

महोत्सव समितीला एक विनंती. कार्यक्रम संपल्यावर सगळा जमाखर्च लेखापरीक्षकांकडून तपासून घ्या आणि शाळेच्या सूचनाफलकावर लावा, या स्मरणिकेच्या छपाईच्या बिलासकट. फीच्या खिडकीशेजारचा फलक रिकामाच असतो.