तुम्ही विचारलंत म्हणून: ती नोटीस मीच लिहून दिली होती

लग्नात भेटा, दशक्रियेला भेटा, कानबाईच्या रोटांना भेटा, दहा मिनिटांत गाडी तिथंच येते. "ताई, विकास आराखड्यात त्या मैदानाचं आरक्षण तुम्हीच टिकवलं होतं ना? मग ते उठवायची नगररचना कायद्याच्या कलम 127 ची नोटीस तुम्हीच कशी लिहून दिली?" विचारणारे बहुतेक माझ्याच वॉर्डातले, आता तिशी-पस्तिशीतले, त्याच बत्तीस गुंठ्यांत क्रिकेट खेळून मोठे झालेले. किती घेतले, हे तोंडावर कुणी विचारत नाही, पण कानावर येतं.

एक पैसा घेतला नाही. हे लिहावं लागतंय याचाच राग येतो. आणि हो, नोटीस मीच लिहिली. माझ्या अक्षरात कच्ची लिहिली, कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून आणली, आवक-जावक टेबलावर शिक्का मारून घ्यायला त्या माणसांबरोबर मीच गेले. काहीही लपवलेलं नाही.

मी 2001 साली महिला राखीव जागेवर निवडून आले. वडील तलाठी होते, त्यामुळे सातबारा आणि गटाचा नकाशा वाचायला लहानपणीच शिकले होते. नगरपालिकेत हे कळल्यावर विकास आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत माझं नाव गेलं. तीन नगरपालिकेतले, बाकीचे नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकार. त्यात मी एकटी बाई. मी ते काम मनापासून केलं. 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा मी पेन्सिलनं खुणा करत वाचला. सभागृहात सगळ्यांना सांगायचे, धुळ्याला जाऊन नंबरच्या गल्ल्या बघून या. कॅप्टन ब्रिग्जनं एकोणिसाव्या शतकात आखलेलं गाव अजून सरळ रेषेत उभं आहे, आणि आपल्याकडे अग्निशमनचा बंब वळत नाही. ब्रिग्जला कुणाची हरकत ऐकून घ्यायची नव्हती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सुनावणी 2004 च्या मे महिन्यात झाली. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, सभागृहात एक कूलर, तोही साहेबांच्या बाजूला. दोन टेबलं जोडून नकाशा पसरलेला, कोपऱ्यांवर पाण्याचे तांबे ठेवलेले. चौथ्या दिवशी दुपारी मावशी आल्या. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, डोक्यावर पदर, पायांत पुरुषी चप्पल. एवढं ऊन चालत आल्या होत्या. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा सुरतेला गाडीवर. त्यांना नकाशा वाचता येईना. मी उठून त्यांच्या शेजारी गेले, त्यांचं बोट धरलं आणि त्यांच्या जमिनीवर ठेवलं. भोवती सगळा पिवळा पट्टा, म्हणजे रहिवासाचा, आणि मधोमध त्यांचा एकटीचा तुकडा हिरवा.

बोट तसंच ठेवून त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मना वावरमा हिरवा रंग कसाले वं माय?"

मी सांगितलं, मुलांसाठी मैदान व्हायचंय. चारी बाजूंनी कॉलन्या होणार, पोरांनी खेळायचं कुठं? तुमची जागा फुकट नाही घेणार, नगरपालिका मोबदला देईल. त्यांनी कधी म्हणून विचारलं. मी म्हणाले, लवकरच.

हा एक शब्द मी वीस वर्षं चघळते आहे. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाच्या शीर्षाखाली त्या वर्षी काय तरतूद होती हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण ते अंदाजपत्रक मंजूर करताना मीही हात वर केला होता. तरतूद नावापुरती होती. तरीही मी लवकरच म्हणाले. खोटं बोलते आहे असं तेव्हा वाटलं नाही. मला वाटायचं, आधी नकाशावर जागा तर राहू दे, पैसा मागून येईल. एकदा पिवळं झालं की जन्मात परत हिरवं होत नाही. समितीतल्या एकानं आरक्षण वगळू या म्हटलं होतं, बाई विधवा आहे, एवढीच जमीन आहे. मीच अडले. अहवालात माझ्या आग्रहानं लिहिलं गेलं, "आरक्षण कायम ठेवावे." मावशी काही बोलल्या नाहीत. सातबारा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, आणि जाताना सगळ्यांना नमस्कार करून गेल्या. मलाही.

आराखडा 2007 साली मंजूर होऊन अमलात आला. आम्ही पेढे वाटले.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तेव्हा खेळत होतात. आरक्षित जागा विकता येते, कायदा नाही म्हणत नाही, पण झोन दाखल्यावर "खेळाचे मैदान" वाचल्यावर घेणारा पायरी उतरून निघून जातो. बँक तारण घेत नाही. बिनशेती परवानगी मिळत नाही. मावशींनी पहिली दोन-तीन वर्षं तिथं बाजरी नि तूर पेरली. मग भोवती घरं झाली, गटारीचं पाणी आत आलं, बकऱ्या शिरायला लागल्या, त्यांनी पेरणं सोडलं. जमीन पडीक राहिली आणि तुम्हाला पीच सापडलं. बांधावरच्या निंबाला आखाजीला पोरींचे झोके बांधले जायचे. मी स्वतः जाऊन बघायचे आणि मनात म्हणायचे, बघ, माझ्यामुळे.

माझ्यामुळे नव्हतं. नगरपालिकेनं त्या जागेला एक दमडी दिली नव्हती. ते मैदान तुम्हाला मावशींनी दिलं होतं, दहा वर्षांहून जास्त, स्वतःच्या नातीचं लग्न पुढं ढकलून, पुतळ्या मोडून, डोळ्याच्या ऑपरेशनला तारखेवर तारीख घेऊन. तुमच्या आयांनी संध्याकाळी तिथं फेऱ्या मारल्या. कुणी कधी त्या बाईच्या दारात जाऊन विचारलं, तुमचं कसं चाललंय? मीही नाही विचारलं. मला विचारायची भीती वाटत होती.

मोबदला का दिला नाही, असं आता सगळे विचारतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यानं शहरातल्या जागेला बाजारभावाच्या दुप्पट द्यावे लागतात. शेतकऱ्याच्या बाजूनं तो न्याय्यच आहे. पण आमच्यासारखी नगरपालिका, जिचा पगार सरकारी अनुदानावर चालतो, ती हे आणणार कुठून? टीडीआर द्या, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क द्या, असं एक साहेब म्हणाले होते. टीडीआर मुंबई-पुण्यात विकला जातो. आमच्याकडे दुसरा मजला चढवायला माणूस दहा वर्षं घेतो, तो वाढीव बांधकामाचा हक्क विकत कशाला घेईल?

आणि पैसा नव्हता असंही नाही, हे माझं खरं दुखणं आहे. पैसा येत होता, पण आराखड्याकडे बघून येत नव्हता. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं शहर नियोजन बाराव्या अनुसूचीत पहिल्या नंबरवर घातलं, जिल्हा नियोजन समितीनं गावांच्या आणि शहरांच्या योजना एकत्र गुंफाव्यात असं लिहिलं. प्रत्यक्षात समितीकडे कामांची यादी जाते: सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट. पाण्याची योजना वेगळं खातं आखतं, रस्ता वेगळं. आमच्या गल्लीचा रस्ता काँक्रिटचा झाला आणि सहाव्या महिन्यात पाइपासाठी फोडला, तो अजून तसाच आहे. पाणी मात्र आठव्या दिवशीच येतं. 1979 सालापासून केंद्राची एक योजनाच होती, लहान व मध्यम शहरांचा एकात्मिक विकास. नावात एकात्मिक. त्यातून आमच्याकडे गाळ्यांचं व्यापारी संकुल झालं. चांगलं झालं, भाडं येतं. पण त्या भाड्यातला काही भाग दर वर्षी आरक्षित जागांसाठी बाजूला ठेवू या, असा विचार कुणी मांडला नाही. मी पाच वर्षं तिथं बसले होते, मीही मांडला नाही. आराखडा कपाटात आणि अंदाजपत्रक टेबलावर, या दोन कागदांची कधी गाठ पडली नाही.

2017 मध्ये दहा वर्षं पूर्ण झाली. दिवाळीनंतर एका संध्याकाळी मावशींचा मुलगा आईला मोटारसायकलवर मागं बसवून माझ्या दारात आला. म्हणाला, "ताई, वकील पंधरा हजार सांगतो. तुम्हाला कायदा माहीत आहे." त्यानं आणखी काही म्हटलं नाही. मावशी ओट्यावरच बसल्या. एका डोळ्यानं दिसत नव्हतं.

त्या रात्री मी आधीच्या मीशी भांडले. ती म्हणत होती, एका बाईसाठी हजारो पोरांचं मैदान घालवतेस? मी म्हणाले, हजारो पोरांचं ओझं एका बाईच्या डोक्यावर कुणी दिलं? ती म्हणाली, मग नगरपालिकेशी भांड. मी म्हणाले, दहा वर्षं होती की तुझ्याकडे. दोघींतली कुणीच हटली नाही. सकाळी मी कागद घेतला आणि लिहायला बसले.

कलम 127 साधं आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक सूचना देतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत नगरपालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलेलं आहे. मी मालकी हक्काचे कागद, मोजणी नकाशा, भाग नकाशा सगळं क्रमानं लावलं. मावशींनी अंगठा दिला. शाईचं बोट लुगड्याला पुसलं आणि म्हणाल्या, "आते हिरवा रंग निंघी जाई ना वं माय?"

आवक टेबलावरचा कारकून माझ्याच वेळचा. त्यानं कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारायच्या आधी दोनदा विचारलं, "ताई, तुम्ही?"

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते. ते चोवीस महिने नगरपालिकेच्या हातात होते. माझा काही मान तिथं अजून होता. मी उपोषणाला बसले असते, कॉलन्यांमधून सह्या गोळा केल्या असत्या, आमदारांकडे पन्नास बायका घेऊन गेले असते, तर मोबदल्यापुरता निधी कदाचित आला असता. मावशींना पैसे आणि तुम्हाला मैदान, दोन्ही. मी एक पत्र दिलं. एकच. सभागृहानं "शासनाकडे निधीची मागणी करण्यात यावी" असा ठराव केला आणि विषय संपला. मी पाठपुरावा केला नाही, कारण मनातून मला वाटत होतं, मुदत संपू दे, तो "लवकरच" एकदाचा फिटू दे. माझं मन मोकळं व्हायला मी तुमचं मैदान खर्ची घातलं का? घातलं असेल. तुमचा आरोप पैशाचा आहे. तो खोटा आहे. हा आरोप तुम्ही कधी केलाच नाहीत, आणि याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

जागा सुटली, विकली गेली. मावशींच्या हाती पैसे दीड वर्ष राहिले, मग त्या गेल्या. आता तिथं दुकानं आहेत, वर फ्लॅट. निंब तोडला त्या दिवशी मी गावात नव्हते. कॉलन्यांच्या ओपन स्पेसवर सभागृहं आणि मंदिरं झाली आहेत, त्यामुळे पोरं रस्त्यावर खेळतात. मागच्या उन्हाळ्यात चेंडूमागे धावणाऱ्या एका पोराला रिक्षानं उडवलं. वाचला, पाय मोडला. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. मी तिला दोष देत नाही.

सुधारित आराखड्याचं काम सुरू झालंय. वीस वर्षं होत आली. जमीन वापराचा सर्व्हे करणारी मुलं टॅब घेऊन गल्लीतून फिरून गेली. मागच्या आठवड्यात नाल्यापलीकडचे एक कपाशीवाले भाऊ आले, तीन एकरांचे धनी, दोन मुली लग्नाच्या. म्हणाले, "ताई, आमच्या गटावर काही टाकणार नाहीत ना? आधीच एक अर्ज लिहून द्या." त्याच संध्याकाळी कॉलनीतल्या चौघी जणी आल्या, नव्या आराखड्यात मैदान मागायचंय, तुम्हीच नीट लिहून द्याल. कुठं मागायचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, नाल्यापलीकडे मोकळं आहे ना सगळं.

दोघांनाही हो म्हटलंय. एका अर्जाचा मायना लिहून झालाय, "मा. मुख्याधिकारी यांस, विषय:" इथपर्यंत. कुणाचा अर्ज आहे ते अजून ठरवलेलं नाही.