तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीचे पोचले, मग आम्ही का परत फिरलो

आमच्या पहिल्या हट-टू-हट स्की टूरचा (डोंगरातल्या एका हटवर मुक्काम करायचा आणि स्कीवरून पुढच्या हटला जायचं) विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "ते दोघं तर आरामात पोचले, मग तुम्ही दोघी का परत फिरलात?" इतके दिवस मी "तब्येत बरी नव्हती" म्हणून सुटायचे. ते खोटं होतं. एकदाच नीट लिहिते, म्हणजे परत कोणी विचारायला नको.

सिल्व्रेट्टा, म्हणजे आल्प्समधली ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडच्या सीमेवरची डोंगररांग, तिथला तिसरा दिवस. हायडेलबर्गर हटवरून निघायचं, क्रोनेनयोखची खिंड ओलांडून पलीकडे यामटाल हटला उतरायचं, चढ साधारण सातशे मीटर. आधीचे दोन दिवस छान गेले होते, त्याबद्दल कोणी विचारत नाही म्हणून ते सोडते. बुलेटिनमध्ये हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी पाचपैकी 3 होती आणि रात्रभर पश्चिमेचा वारा सुटला होता, म्हणजे तिकडचा बर्फ उडून आमच्या बाजूच्या उतारांवर साचलेला. हे सगळं चौघांनी नाश्त्याला वाचलं, बोललो, बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधता यावं म्हणून अंगावर बांधायचं सिग्नलचं यंत्र) तपासले आणि निघालो.

माझं सकाळपासूनच बिनसलं होतं. डाव्या स्कीची स्किन, म्हणजे चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची पट्टी, मागून सारखी सुटत होती, कारण गोंदात बर्फ गेला होता. थांबायचं, स्की काढायची, स्किन जॅकेटच्या आत पोटाशी धरून गरम करायची, गोंदावरचे बर्फाचे कण नखांनी खरवडायचे, परत चिकटवून वरून स्ट्रॅप आवळायचा, आणि हे तीनदा. त्यात किक टर्न, म्हणजे उभ्या चढावर जागच्या जागी एकेक स्की उचलून वळणं, मला धड येत नव्हता, मागची स्की फिरवताना तिचं टोक दर वेळी बर्फात अडकायचं. तिघं वर थांबलेले दिसायचे, कोणी काही बोलायचं नाही, आणि तेच जास्त लागायचं.

मग तो आवाज आला. व्हुम्फ. ज्यांनी कधी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगते, पायाखालचा बर्फ अचानक किंचित खाली बसतो आणि तो आवाज कानापेक्षा पोटात ऐकू येतो. आतला कच्चा थर मोडल्याची ती खूण. तिथे जवळपास सपाटी होती म्हणून काही सरकलं नाही. मी सगळ्यात मागे होते, पुढच्यांनी तो ऐकला की नाही मला कळलं नाही. आणि मी गप्प बसले.

हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. चांगली तासभर गप्प होते. सकाळपासून माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झालेला, आता परत मीच थांबा म्हणायचं ते कोणत्या तोंडाने?

खिंडीखालचा शेवटचा उतार आला, तीस अंशांच्या नक्की वर, वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेला, तेव्हा मी म्हणाले, "मी नाही येत." का, तर मग व्हुम्फचं सांगितलं. "हे आत्ता सांगतेस?" एवढंच एक जण म्हणाला. अंतर ठेवून एकेक जाऊ म्हणाले, तरी मी नाहीच म्हटलं. मैत्रीण थोडा वेळ वर बघत राहिली आणि मग काही न बोलता स्किन्स काढायला लागली, कारण मला एकटीला खाली पाठवणं शक्यच नव्हतं. या टूरसाठी तिने वर्षभर रजा साठवली होती. ते दोघं एकामागून एक चढले, आम्ही लांबून बघत होतो. उतार जागचा हलला नाही. एकाने खिंडीतून काठी उंच करून दाखवली.

उतार त्या दिवशी सरकला नाही म्हणून तो पक्का होता असं होत नाही, हे मी आजही म्हणते आणि म्हणत राहीन. माणूस गाडला गेला तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावा लागतो, पुढे वाचायची आशा झपाट्याने कमी होते, आणि तेवढ्या वेगाने शोधायचा, खणायचा सराव आमच्यात कोणालाच नव्हता. पण मध्यंतरी मी लोकांना गाल्ट्युरचा दाखला द्यायचे, त्याच भागातलं गाव, फेब्रुवारी 1999, हिमस्खलनात 31 माणसं गेली. तो दाखला मागे घेते. तिथे कितीतरी दिवसांच्या बर्फवृष्टीनंतर अख्खा डोंगर गावावर आल्यासारखं झालं होतं, आमच्या उताराशी त्याचा संबंध नाही, आणि तिथे उभी असताना ते माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. डोक्यात होते पुढचे किक टर्न.

मग मी बर्फाला घाबरले की किक टर्नला? तेव्हाची मी म्हणते बर्फाला. आत्ताची म्हणते, बर्फाला घाबरली असतीस तर खालीच बोलली असतीस, फिरायचं तर चौघं मिळून फिरलो असतो, ग्रुप फुटला नसता. त्यावर तेव्हाची म्हणते, उशिरा का होईना, बोलले ना. दोघींचं अजून पटलेलं नाही.

हटवर परत आलो. बूट काढता काढता मैत्रिणीने विचारलं, "तो आवाज आला तेव्हा मी तुझ्या किती पुढे होते?"

"असशील वीस-पंचवीस पावलं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि चहा आणायला आत गेली.